रिकाम्या साठ्याचा अर्थ : दाहशामक औषधे, निर्जलीकरण आणि मेंदूतील संप्रेरकसाठे यांवरील संशोधनाची चिकित्सा

प्रास्ताविक

प्राण्याला पाणी मिळेनासे झाले की त्याच्या हायपोथॅलॅमसमधील काही विशिष्ट चेतापेशी कार्यप्रवृत्त होतात. या पेशी एक संप्रेरक तयार करतात. सस्तन प्राण्यांत त्यास व्हॅसोप्रेसिन म्हणतात. पक्षी, सरपटणारे प्राणी, उभयचर व मासे यांत त्याच कुळातील व्हॅसोटोसिन आढळते. पेशींच्या लांब तंतूंतून हे संप्रेरक पीयूषिका ग्रंथीच्या पश्च खंडात येऊन साठते आणि गरजेनुसार रक्तात उतरते. मूत्रपिंडे त्याच्या प्रभावाखाली पाणी राखून ठेवतात व मूत्र घट्ट होते. दाहशामक वेदनानाशके मात्र वेगळ्याच मार्गाने या व्यवस्थेत शिरतात. ॲस्पिरिन, इंडोमेथॅसिन व तत्सम औषधे शरीरात प्रोस्टाग्लँडिन तयार होण्यास अटकाव करतात, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले आणि त्या कार्याचा १९८२ च्या नोबेल पारितोषिकाने गौरव झाला. प्रोस्टाग्लँडिन मेंदूतही कार्य करते आणि मूत्रपिंडातही. साहजिकच निर्जलीकरण व दाहशामक औषधे यांचा मेंदूतील संप्रेरकसाठ्यांवर एकत्रित परिणाम काय होतो, हा प्रश्न प्राणिशास्त्र आणि औषधशास्त्र या दोन्ही शाखांना आकृष्ट करीत आला आहे.

अशा संशोधनाची घडण बहुधा ठरलेली असते. प्राण्यांचे चार गट केले जातात : पाणी व आहार नियमित मिळणारा, तहानलेला ठेवलेला, औषध दिलेला आणि तहानलेला ठेवून औषध दिलेला. ठरावीक काळानंतर मेंदू काढून त्याचे पातळ छेद घेतले जातात, ते रंगविले जातात आणि सूक्ष्मदर्शकाखाली रंगाच्या गडदपणावरून ‘साठा घटला’ वा ‘साठा वाढला’ असा निर्णय दिला जातो. हे निरीक्षण बहुतेक वेळा खरे असते. अडचण आहे ती निरीक्षणास चिकटविल्या जाणाऱ्या अर्थाची, आणि प्रस्तुत लेखात तिचीच चिकित्सा केली आहे.

मुंबईच्या सांताक्रूझ उपनगरात या प्रश्नाचे दोन अर्ध लोहमार्गाच्या दोन बाजूंस शिकविले जातात, असे म्हणता येईल. पूर्वेस कलिन्याच्या विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचा जीवविज्ञान विभाग आहे, तर पश्चिमेस एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या जुहू आवारात सी. यू. शाह औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय. पहिल्या बाजूच्या अभ्यासक्रमात चेतास्रावी पेशी येतात, दुसऱ्या बाजूच्या अभ्यासक्रमात वेदनानाशके. विद्याशाखांची ही विभागणी सर्वत्रच आहे. मूत्रपिंड मात्र या दोहोंच्या मध्ये कोठेतरी राहून जाते आणि अर्थाचा घोटाळा नेमका तेथेच होतो.

साठा आणि ओघ

चेतापेशी संप्रेरक स्रवू शकते, ही कल्पनाच एकेकाळी अग्राह्य वाटत होती. अर्न्स्ट शारर यांनी १९२८ मध्ये माशाच्या मेंदूत ग्रंथीसारख्या दिसणाऱ्या चेतापेशींचे वर्णन केले, तेव्हा त्यांना फारसे समर्थक मिळाले नाहीत. चित्र पालटले ते वोल्फगांग बार्गमान यांच्यामुळे. स्वादुपिंडातील पेशी ओळखण्यासाठी गोमोरी यांनी सिद्ध केलेली रंगक्रिया त्यांनी १९४९ मध्ये मेंदूच्या छेदांवर वापरली आणि हायपोथॅलॅमसपासून पीयूषिकेपर्यंतची निळसर-काळी वाट एकसंध दिसू लागली. तहानलेल्या प्राण्यात हा निळा द्रव्यसंचय विरळ होतो, हे लवकरच लक्षात आले. रंगाचा गडदपणा म्हणजे संप्रेरकाचा साठा हे समीकरण तेथून रूढ झाले.

महाराष्ट्रातही या परंपरेचा सकस वारसा आहे. नागपूर विद्यापीठातील पी. डी. प्रसाद राव व निशिकांत सुभेदार यांनी बागेत सर्वत्र दिसणाऱ्या सरड्याच्या हायपोथॅलॅमसची पेशीरचना १९७७ मध्ये तपशीलवार मांडली. या प्रकारच्या कामाचे मोल आज पुरेसे ओळखले जात नाही. कोणते केंद्रक कोठे आहे याचा नकाशाच नसेल, तर त्यातील साठा मोजण्यास अर्थ राहत नाही. पुढील चिकित्सेचा रोख रंगक्रियेवर वा तिच्या जुन्या अभ्यासकांवर नाही. त्यांच्या हाती जे साधन होते त्यातून त्यांनी मिळविले ते थोडे नाही. रोख आहे तो ते साधन उत्तर देऊ शकत नाही असे प्रश्न त्यालाच विचारण्याच्या सवयीवर.

पहिली मर्यादा रंगाचीच. गोमोरी रंग प्रत्यक्ष व्हॅसोप्रेसिनला नव्हे, तर त्याच्यासोबत वाहून आणल्या जाणाऱ्या न्यूरोफायसिन या गंधकयुक्त प्रथिनाला प्रामुख्याने धरतो. ऑक्सिटोसिनसोबतही असेच प्रथिन असते. उंदराला तहानलेले ठेवल्यास दोन्ही संप्रेरके खर्ची पडतात. त्यामुळे फिका रंग पाहून कोणते संप्रेरक किती घटले हे सांगता येत नाही. विशिष्ट प्रतिपिंडांच्या साह्याने ही उणीव आता भरून काढता येते.

दुसरी मर्यादा मात्र प्रतिपिंडांनीही दूर होत नाही. दर उन्हाळ्यात मुंबईची वृत्तपत्रे तलावांतील पाणीसाठा छापतात. विहार तलावाची पातळी उतरली एवढ्यावरून पाऊस कमी झाला, की उपसा वाढला, की बांधाला गळती लागली, हे कोणाही मुंबईकरास सांगता येणार नाही. त्यासाठी आवक आणि जावक दोन्ही ठाऊक असावी लागतात. पश्च पीयूषिकेचेही तसेच आहे. तेथील साठा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : पेशीतील निर्मिती, तंतूंतून होणारी वाहतूक आणि रक्तातील विसर्ग. सूक्ष्मदर्शकाखाली दिसते ती या तिहींची वजाबाकी.

उंदरांना काही दिवस केवळ खारे पाणी प्यायला दिले असता पश्च खंडातील व्हॅसोप्रेसिनचा साठा मोठ्या प्रमाणात ओसरतो. परंतु त्याच वेळी रक्तातील व्हॅसोप्रेसिन वाढलेले असते आणि पेशींतील त्याच्या जनुकाचा संदेशक आरएनएही वाढलेला असतो. म्हणजे कारखाना पूर्वीपेक्षा अधिक जोमाने चालू असताना कोठार रिकामे दिसते. याच्या नेमके उलट उदाहरण अमेरिकेतील व्हरमाँट राज्यात १९६० च्या दशकाच्या आरंभी सापडलेल्या ब्रॅटलबरो उंदरांचे. जनुकातील एका घटकाच्या लोपामुळे या उंदरांना उपयुक्त व्हॅसोप्रेसिन बनविताच येत नाही, असे १९८४ मध्ये स्पष्ट झाले. ते अखंड पाणी पितात व अखंड मूत्र विसर्जित करतात. त्यांच्या पश्च खंडातही व्हॅसोप्रेसिनचा साठा नसतो. एकाचे कोठार सारे वाटून टाकल्यामुळे रिकामे, दुसऱ्याचे कधी भरलेच नाही म्हणून. ‘साठा घटला’ हे एकच वाक्य दोघांनाही लागू पडते. ज्या वाक्याने परस्परविरुद्ध अवस्था सारख्याच वर्णिल्या जातात, त्यावर औषधाच्या परिणामाचा निष्कर्ष उभारणे धाडसाचे आहे.

शिवाय मेंदूतील साठा एकच नाही. व्हॅसोप्रेसिनवाहक तंतू केवळ पीयूषिकेकडे जात नाहीत, ते मेंदूच्या इतर भागांतही पोहोचतात. कूपर, कास्टिंग व व्हील यांनी १९७९ मध्ये मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत, मेंदूच्या सेप्टम या भागात व्हॅसोप्रेसिन सोडले असता ताप दबतो असे दिसून आले. ताप उतरविणे हे दाहशामक औषधांचेही काम. येथे औषध आणि संप्रेरक यांची गाठ पडते, पण ती मूत्रपिंडाच्या वाटेवर नव्हे. संपूर्ण मेंदू वाटून त्यातील संप्रेरकाची एकूण रक्कम काढणाऱ्या प्रयोगात हे सगळे एकत्र मिसळून जाते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर त्याच मुंबईत कुलाब्यास सुमारे ७३ मिलिमीटर. दोहोंची सरासरी काढून ‘मुंबईचा पाऊस’ सांगणाऱ्याने त्या दिवसाविषयी काहीच सांगितले नाही, असेच म्हणावे लागेल.

औषध कोठे काम करते?

आता मूळ प्रश्नाकडे यावे. समजा, तहानलेल्या प्राण्यांना इंडोमेथॅसिन दिले आणि केवळ तहानलेल्या गटाच्या तुलनेत त्यांच्या पश्च खंडात अधिक संप्रेरक शिल्लक राहिलेले दिसले. यावरून ‘औषधाने मेंदूतील विसर्ग रोखला’ असा निष्कर्ष सहज काढला जातो. त्यास आधार नाही असे नाही. बकऱ्या व कुत्रे यांच्या मेंदूच्या पोकळ्यांत प्रोस्टाग्लँडिन सोडल्यास व्हॅसोप्रेसिनचा विसर्ग वाढतो, हे १९७० च्या दशकातील प्रयोगांतून पुढे आले होते. तेव्हा प्रोस्टाग्लँडिन रोखले तर विसर्ग घटावा, हे तर्काला धरून आहे.

तथापि, दुसरा तर्कही तेवढाच सबळ आहे आणि तो बहुधा मांडलाच जात नाही. मूत्रपिंडातील प्रोस्टाग्लँडिन व्हॅसोप्रेसिनच्या क्रियेला लगाम घालते. दाहशामक औषध हा लगाम काढून घेते. त्यामुळे तेवढेच व्हॅसोप्रेसिन आता अधिक पाणी राखू लागते, हे कुत्र्यांवरील प्रयोगांत १९७५ मध्येच दाखविले गेले आहे. मूत्रावाटे पाणी कमी गेले की रक्त कमी घट्ट होते. ई. बी. व्हर्नी यांनी १९४७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभिजात प्रयोगांपासून ठाऊक आहे की, मेंदू रक्ताच्या संहततेतील अगदी सूक्ष्म बदलही टिपतो. शेकडा एक-दोन इतका फरक विसर्ग बदलण्यास पुरतो. रक्त कमी घट्ट, म्हणून मेंदूला हाक कमी, म्हणून विसर्ग कमी, म्हणून साठा शाबूत. या साखळीत औषधाने मेंदूला स्पर्शही केलेला नाही. छेदातील चित्र मात्र दोन्ही प्रसंगी सारखेच असेल.

तिसरी शक्यता अधिक गैरसोयीची आहे. दाहशामक औषधांनी जठराच्या अस्तरास इजा होते आणि प्राणी खाणे सोडतो. तहानलेला प्राणी तर मुळातच कमी खातो. अन्न घटले की शरीरातून बाहेर टाकावयाचे क्षार व युरियाही घटतात आणि पाण्याची गरज बदलते. म्हणून तहानलेल्या व औषध दिलेल्या गटाएवढेच मोजून अन्न दिलेला आणखी एक गट प्रयोगात असावा लागतो. तो नसेल तर औषधाचा परिणाम आणि उपासाचा परिणाम वेगळे करता येत नाहीत. हा पाचवा गट खर्च व श्रम वाढवितो हे खरे, परंतु त्याच्यावाचून उरलेल्या चार गटांतील प्राणी बव्हंशी व्यर्थ मारले जातात.

तहान तासांत मोजावी काय?

बहुतेक प्रयोगांत निर्जलीकरण तासांत सांगितलेले असते : २४ तास, ४८ तास, ७२ तास. ही मोजणी सोयीची आहे, पण ती प्राण्याची स्थिती सांगत नाही. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि हवा कोरडी असते. सांताक्रूझला त्याच महिन्यात कमाल तापमान सरासरी ३३ अंशांच्या आसपास राहते आणि हवा दमट असते. वातानुकूलन नसलेल्या प्राणिगृहात दोन्ही ठिकाणी ४८ तास पाणी तोडले तर श्वास व त्वचेवाटे होणारी पाण्याची हानी सारखी असणार नाही. एकाच ठिकाणी मे व ऑगस्ट या महिन्यांत केलेल्या प्रयोगांसही हीच शंका लागू पडते. दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळले नाहीत की प्राण्याच्या जातीला वा औषधाच्या मात्रेला दोष दिला जातो. भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते.

औषध दिलेल्या गटाच्या बाबतीत हा दोष अधिक गंभीर ठरतो. औषधाने मूत्र कमी होत असेल तर ४८ तासांनी दोन्ही गट सारखेच निर्जलित असतील असे गृहीत धरणे हीच चूक आहे. तुलना करावयाची तर सारख्या तासांची नव्हे, सारख्या हानीची केली पाहिजे : शरीराचे वजन ठरावीक टक्क्यांनी उतरल्यावर, किंवा रक्ताची संहतता ठरावीक पातळीस पोहोचल्यावर. सारख्या संहततेलाही औषध दिलेल्या गटात विसर्ग कमी आढळला, तरच मेंदूवरील प्रत्यक्ष परिणामाचा विचार पुढे नेता येईल.

महाविद्यालयीन प्रयोगशाळांना हे परवडणारे नाही, असा आक्षेप घेतला जाईल. रक्तातील व्हॅसोप्रेसिन मोजणे खरोखरच महाग आणि नाजूक काम आहे. पण दररोजचे वजन, मूत्राचे आकारमान व विशिष्ट गुरुत्व, रक्तातील पेशींचे शेकडा प्रमाण आणि अपवर्तनमापकावर रक्तद्रवातील प्रथिनांचा अंदाज, एवढ्यासाठी मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. मूत्रपिंडाचा एक छेद मेंदूच्या छेदांसोबतच त्याच रंगमंजुषेत करता येतो. यासाठी एकही अधिक प्राणी लागत नाही. प्राण्यांवरील प्रयोगांचे नियंत्रण करणारे १९९८ चे नियम लागू झाल्यापासून संस्थात्मक समित्या प्राण्यांची संख्या कसोशीने विचारतात. ते योग्यच आहे. मात्र मारलेल्या प्रत्येक प्राण्यापासून किती माहिती घेतली जाणार, हा प्रश्न तेवढ्याच कसोशीने विचारला जायला हवा.

गिधाडांचा पुरावा

वरील आक्षेप केवळ तात्त्विक वाटू नयेत म्हणून एका घटनेकडे वळणे आवश्यक आहे. तीत मेंदूतील साठे मोजले गेले नव्हते. तरीही निर्जलीकरण, दाहशामक औषध व मूत्रपिंड यांतील गुंतागुंत चुकीच्या टोकाने सोडवू लागल्यास काय किंमत द्यावी लागते, हे तिच्याइतके स्पष्ट दुसऱ्या कशातूनही दिसत नाही.

१९९० च्या दशकात भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात गिधाडे झपाट्याने कमी होत असल्याचे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नोंदविले व १९९९ मध्ये ते प्रसिद्ध केले. मेलेल्या पक्ष्यांच्या शवविच्छेदनात यकृत, हृदय व इतर अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळत होता. पक्षी नत्राचे उत्सर्जन युरिक आम्लाच्या रूपाने करतात; मूत्रपिंडे निकामी झाली की ते आम्ल अवयवांवर साचते. पशुवैद्यकाच्या पुस्तकांत या विकाराची जी कारणे दिली जातात, त्यांत निर्जलीकरण व संसर्ग अग्रभागी असतात. आरंभी संशय गेला तो संसर्गावर. विषाणूचा शोध काही वर्षे चालला. २००४ मध्ये लिंडसे ओक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील मृत गिधाडांच्या मूत्रपिंडांत डायक्लोफिनॅकचे अंश दाखविले, औषध दिलेल्या जनावरांचे मांस खाऊ घालून तोच विकार घडवूनही दाखविला, तेव्हा कोडे सुटले. जनावराला दुखण्यावर दिलेले साधे औषध त्याच्या शवातून गिधाडाच्या पोटात जात होते.

अशा मरणासन्न गिधाडाच्या मेंदूतील व्हॅसोटोसिनचा साठा त्या काळी कोणी पाहिला असता तर तो बहुधा रिकामाच दिसला असता, कारण मूत्रपिंडे बिघडलेला पक्षी पाण्याचा तोल राखू शकत नाही. त्यावरून ‘निर्जलीकरणाने मृत्यू’ असे लिहिणे वा ‘औषधाचा मेंदूवर परिणाम’ असे म्हणणे दोन्ही सोपे होते आणि दोन्हींनी शोध भलत्याच दिशेला गेला असता. उत्तर सापडले ते मूत्रपिंडात औषधाचे अवशेष मोजल्यामुळे.

या घटनेतील आणखी एक धडा उंदरांवरील प्रयोगांना थेट लागू होतो. गाई-म्हशींना डायक्लोफिनॅक नेहमीच्या मात्रेत सोसते. गिधाडांना मात्र दर किलोग्रॅम वजनामागे ०.१ ते ०.२ मिलिग्रॅम इतके अल्प औषधही प्राणघातक ठरू शकते आणि पक्षी दोन-तीन दिवसांत मरतो. औषधाने गिधाडाच्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तुटतो, की तेथील नलिकांच्या पेशीच थेट मरतात, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. नंतरचे संशोधन दुसऱ्या पक्षाकडे झुकते. म्हणजे प्रोस्टाग्लँडिनचा अटकाव हेच दाहशामक औषधाचे एकमेव कार्य, हे गृहीतकही सर्व प्राण्यांना लावता येत नाही. उंदरातील संप्रेरकसाठ्यावरून ‘प्राण्यांमध्ये’ असा सरसकट शब्दप्रयोग करणाऱ्या शीर्षकांनी हे ध्यानात घ्यावयास हवे होते. मेलॉक्सिकॅम हे त्याच वर्गातील औषध गिधाडांना बाधत नाही, असे २००६ मध्ये सिद्ध झाले. एकाच वर्गातील दोन औषधे, एकच पक्षी, आणि एक मारक तर दुसरे निरुपद्रवी. तेव्हा ‘दाहशामक औषधांचा परिणाम’ असे अनेकवचनही जपूनच वापरले पाहिजे.

या शोधाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. मलबार हिलवरील डुंगरवाडीत पारशी समाजाच्या अंत्यविधीची शतकानुशतकांची रीत गिधाडांअभावी अडचणीत आली. रायगड जिल्ह्यात म्हसळा तालुक्यातील चिरगाव परिसरात पांढऱ्या पाठीची गिधाडे टिकून राहिली, त्यांच्या संवर्धनासाठी स्थानिकांना हातभार लावावा लागला. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या उत्पादनास मनाई केली. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या जनावरांकरिता वापरल्या जात राहिल्याने २०१५ मध्ये इंजेक्शनची कुपी ३ मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. केटोप्रोफेन व ॲसिक्लोफिनॅक यांच्या पशुवैद्यकीय वापरावरील बंदी २०२३ मध्ये आली. यांपैकी ॲसिक्लोफिनॅकचे प्रकरण मापनपद्धतीचा विचार करणाऱ्यास विशेष उद्बोधक आहे. कुपीवरील नाव निराळे असल्याने ते डायक्लोफिनॅकच्या बंदीत बसत नव्हते; परंतु गाईच्या शरीरात गेल्यावर त्याचे अल्पावधीतच डायक्लोफिनॅकमध्ये रूपांतर होते. दिलेल्या औषधाची नोंद पाहणाऱ्यास हे कळले नसते. ते कळले, कारण औषध दिल्यानंतर जनावराच्या रक्तात प्रत्यक्ष काय फिरते आहे हे तासातासाने तपासले गेले.